माळवाडीचं हुर्मुज

भीमा चहाला म्हणून भागवतच्या हॉटेलात जायचा आणि येताना सगळं जग घरी घेऊन यायचा. चांगुणा चुलीपुढं भाकरी थापत असायची, आणि हा दारात चपला काढता काढताच सुरू व्हायचा. अमेरिकेनं आज कुणावर टॅरिफ चढवलं, कुणाचं उतरवलं, रशियाचं तेल घेतल्यापायी आपल्यावर डोळे कसे वटारले, कुठली युद्धबंदी कपबशी विसळायच्या आत मोडली, सगळं. भाकरी तव्यावर पडेपर्यंत दोन देश भांडलेले असायचे, आणि ती फुगेपर्यंत एखाद्या मोठ्या साहेबानं, हे भांडण मीच मिटवलं, असं जाहीरही करून टाकलेलं असायचं. रेल्वेत गँगमन म्हणून सारी उमर रुळांच्या कडेनं चाललेला माणूस. रिटायर झाल्यापासून पायांचं काम तोंडाकडं आलंय, असं चांगुणा शेजारणीला सांगायची. पण त्याचं बोलणं तिला आवडायचं, हेही खरं.

माळवाडी देगलूर-बिलोली रस्त्याच्या थोडी आत. तेलंगणा इतकं जवळ, की आपल्याच ओट्यावर बसलेल्या माणसाच्या फोनवर परराज्यात स्वागत असल्याचा मेसेज येतो. हद्दीवरच्या माणसाला परदेशाच्या राजकारणाची गोडी असायचीच, असं भागवत म्हणायचा. हा भागवत हॉटेलाचा मालक, शिवाय गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष. म्हणजे गावातला चहा आणि गावातली भांडणं, दोन्ही त्याच्याच हाताखाली उकळायची. हॉटेलात त्यानं टीव्ही लावला होता आणि टीव्हीसमोरचा पहिला बाक सिद्रामप्पांचा होता.

सिद्रामप्पा म्हणजे रस्त्यालगतच्या काळ्या रानाचे धनी. लिंगायत गल्लीतलं मोठं घर, अंगात धुवट सदरा, कपाळाला विभूती, हातात मोठ्या काचेचा फोन. माणूस मनानं वाईट नव्हता. बैलाला स्वतःच्या हातानं गूळ चारायचे, कुणाच्या घरी दुखणं निघालं तर आपली जीप द्यायचे. पण जगाच्या कारभाराबद्दल त्यांचं एकच मत होतं: वचक पाहिजे. जो दम देतो तो पुढारी आणि जो समजूत घालतो तो मेंगळट. मग तो दम देणारा कुठल्या का देशाचा असेना, सिद्रामप्पा त्याला आपल्या भावकीतला असल्यासारखं सांभाळून घ्यायचे.

त्या दिवशी टीव्हीवर हुर्मुजची सामुद्रधुनी चालू होती. बातम्या देणारी बाई नकाशावरचं चिंचोळं पाणी दाखवून सांगत होती, की ही वाट बंद झाली तर साऱ्या जगाच्या नाकातोंडात पाणी जाईल. सिद्रामप्पांनी मांडीवर थाप मारली. वाट ज्याच्या दारातून जाते तोच खरा राजा, असा त्यांनी फैसला दिला. भीमाचा चहा संपत आला होता. तेवढा घोट गपगुमान पिऊन तो उठला असता, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण तो म्हणाला, "अप्पा, तुमच्या धुऱ्यावरून लोकाची शेळी जाते ती तुम्हाला अडवता येईना. अन् तुम्ही हुर्मुज बंद करून राहिले व्हय?"

हॉटेल हसलं. भागवतच्या हातची किटली हलली इतकं हसलं. सिद्रामप्पांनी उरलेला चहा शांतपणे संपवला, धोतराचा सोगा सावरला आणि ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा धुऱ्यावरची वाट बंद होती.

ही वाट म्हणजे सिद्रामप्पांच्या रानाच्या कडेनं जाणारी, एक ट्रॅक्टर जेमतेम मावेल एवढी पट्टी. तिच्या टोकाला भीमाचं तीन एकर रान. रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून घेतलेलं, चांगुणाच्या नावावर. तिच्या सासरच्या सात पिढ्यांत सातबाऱ्यावर नाव लागलेली ती पहिली बाई, आणि बाप्यांतलंही कुणी तिच्याआधी नव्हतं. त्या वाटेच्या तोंडाशी आता बाभळीच्या फांद्या रचल्या होत्या, त्यावर तारेची वेटोळी टाकली होती, आणि पलीकडं लिंबाखाली बाजेवर सिद्रामप्पा फोन बघत बसले होते. दुपारपर्यंत गावानं त्या काट्यांना हुर्मुज असं नाव देऊनही टाकलं.

हेच चुकलं. नुसते काटे असते तर सिद्रामप्पांनी दोन दिवसांनी राग उतरल्यावर आपले आपण काढले असते. पण काटे काढणं वेगळं आणि हुर्मुज उघडणं वेगळं. शेजारच्या गावची पोरं मोटारसायकलवरून ते बघायला यायला लागली, फोटो काढायला लागली. सिद्रामप्पांना उभ्या आयुष्यात एवढा मान मिळाला नव्हता.

इकडं चांगुणाचं सोयाबीन कापून पडलं होतं. यंदा पावसानं आधीच अर्धं रान धुऊन नेलेलं. जे हाताला लागलं ते तिनं आणि गल्लीतल्या बायांनी चिखलात वाकून कापलं, वाळवलं, आणि रानातच ढीग लावून वर मेनकापड टाकलं. मळणीचं यंत्र ठरवलेलं होतं. ते ट्रॅक्टरला जोडून रस्त्यापर्यंत आलं, काट्यांपुढं थांबलं आणि परत गेलं. रानात जायला दुसरी वाट होती ती ओढ्यातून. गुडघाभर पाणी, पलीकडं उभी दरड; माणूस जाऊ शकेल, यंत्र नाही. आणि मोबाइलवर पुन्हा पावसाचा इशारा आला होता. भिजलेल्या सोयाबीनला ढिगातच कोंब फुटतात. मेनकापड उचलून चांगुणा रोज आत हात घालायची आणि ढीग आतून गरम लागतोय का ते बघायची.

भागवतनं तंटामुक्ती समिती बोलावली. समितीनं पहिल्या दिवशी झाल्या प्रकाराबद्दल चिंता व्यक्त केली. दुसऱ्या दिवशी समिती काट्यांची पाहणी करायला गेली. सिद्रामप्पांनी सगळ्यांना बाजेवर बसवून ताक पाजलं, आणि समिती ताक पिऊन परत आली. तिसऱ्या दिवशी कडक शब्दांत ठराव करायचं ठरलं, पण कडक शब्द कुठला घालायचा यावर बैठक मोडली. टीव्हीवर तेव्हा न्यूयॉर्कातली मोठी सभा दाखवत होते. तिथंही कोट घातलेली माणसं तेच करत होती, एवढंच की त्यांना ताक मिळत नव्हतं.

शेवटी भागवतनं दोन्हीकडच्या अटी आणल्या. सिद्रामप्पांची अट एकच: भीमानं भर हॉटेलात उभं राहून म्हणावं, की वचक असलेला पुढारीच जगात शांतता आणतो, अप्पांचं बरोबर होतं. भीमा म्हणाला, हसल्याची माफी मागतो, दहांदा मागतो, वयानं मोठे आहेत, पाया पडतो म्हणा. पण ते वाक्य काही तोंडातून निघायचं नाही. आपण बाबासाहेबांचं नाव घेणारी माणसं, दमदाटीला शांतता कसं म्हणायचं?

चांगुणा भाकरी थापायची थांबली.

"त्यो पुढारी कोण म्हनायचा?" तिनं विचारलं. "त्याला देगलूर कुठं हाय ते मालूम हाय का? अन् त्याच्यापायी तुम्ही दोघं माझं सोयाबीन कुजवून राहिले."

भीमाला पटलं होतं, आणि पटलं तरी ते वाक्य म्हणता येत नव्हतं. चांगुणालाही मनातून ते कळत होतं. नवऱ्यानं खोटं बोलावं असं तिला वाटत नव्हतं आणि सोयाबीन जावं असंही वाटत नव्हतं. नांदेडला नर्स असलेली त्यांची समीक्षा फोनवर म्हणाली, की वाट नकाशात आहे, तहसीलला अर्ज करू, कायदा आपल्या बाजूनं आहे. चांगुणा म्हणाली, कर बाई, अर्ज करच. पण कायद्याची तारीख आणि पावसाची तारीख एका दिवशी पडत नाही, हे तिला ठाऊक होतं.

त्या रात्री तिनं ठरवलं, की इर्जिक घालायची.

इर्जिक म्हणजे जुनी रीत. एखाद्याचं काम अडलं, की त्यानं गावाला हाक द्यायची. प्रत्येक घरातून माणूस यायचं, दिवसभर राबायचं, मजुरी घ्यायची नाही. ज्याचं काम त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. यंत्रं आली तशी ही रीत मागं पडली. चांगुणा नवीन लग्न होऊन आली तेव्हा लोकांच्या इर्जिकींना कितीदा तरी गेली होती, निंदायला, खुरपायला, काढायला. पण त्यांच्या गल्लीतून, बौद्धांच्या घरातून, साऱ्या गावाला इर्जिकीची हाक कधी गेली नव्हती. हाक द्यायला रान लागतं, आणि रान आत्ताच तर झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ती दारोदार फिरली. अंगणात उभी राहायची आणि सांगायची, "उद्या सकाळी माझ्या रानात इर्जिक हाय. ओढ्यातून सोयाबीन काढायचंय." कुणी हो म्हटलं, कुणी बघू म्हटलं, एकीनं तर इर्जिक म्हणजे काय ते विचारलं. भागवतनं आपली रस्त्याकडची मोकळी जागा दिली. तिथपर्यंत ओझी आणायची, तिथं यंत्र लावायचं. फक्त सिद्रामप्पांच्या दारापुढून ती पुढं निघून गेली. आत त्यांची बायको साखराबाई ज्वारी पाखडत होती, तिचं तोंड सुपावर होतं. ज्यानं वाट बंद केली त्याच्या घरी काय म्हणून सांगायचं?

रात्रभर चांगुणाला झोप लागली नाही. पावसाची भीती होतीच, पण दुसरी भीती मोठी होती. उद्या ओढ्याच्या काठावर आपण आणि आपल्याच गल्लीतली चार माणसं उभी असलो तर? सोयाबीन गेलं तर पुढच्या साली पुन्हा येईल. पण गावाला हाक दिली आणि गाव आलंच नाही, हे मग रोज उठून त्याच गावात वागवायचं.

उजाडता उजाडता ती ढिगापाशी आली. दवानं शेंगा नरम असतात तोवर उचललं म्हणजे दाणे झडत नाहीत, म्हणून लवकरची वेळ. आधी गल्लीतल्या बाया आल्या, महामाया आणि विशाखा पुढं. मग ओढ्याच्या दरडीवर भागवतचं डोकं दिसलं. ज्याच्या ठरावात कडक शब्द सापडत नव्हता तो माणूस लुंगी गुडघ्याच्या वर खोचून, डोक्याला टॉवेलची चुंबळ बांधून वर चढत होता. त्याच्यामागं समितीतले बाकीचे. मग माळीगल्लीतल्या बाया, मग कॉलेजात जाणाऱ्या पोरी, मग दगडोबा धनगर, जो आयुष्यात कुणाशी दोन वाक्यांच्या वर बोलला नाही, आपल्या तिन्ही सुना घेऊन. ती कालची, इर्जिक म्हणजे काय विचारणारीही आली. चांगुणा मोजायचं सोडून नुसती बघत राहिली. मग ती ओझी बांधायला लागली.

ताडपत्रीच्या तुकड्यांत, जुन्या लुगड्यांत, गोणपाटांत ओझी बांधली गेली. एकानं उचलून द्यायचं, दुसऱ्यानं डोक्यावर घ्यायचं, दरड उतरायची, पाणी ओलांडायचं, चढायचं. पाण्यात मधोमध भीमा उभा राहिला. रुळावर चालून पाय सरावलेले, प्रत्येकाला हात देऊन तो पलीकडं काढत होता. त्या सकाळी त्यानं एकाही देशाचं नाव काढलं नाही.

चांगुणा खाली वाकून गाठ मारत होती, तेवढ्यात समोर दोन पाय येऊन थांबले. सुजलेले घोटे, जाड चांदीची जोडवी. वर बघितलं तर साखराबाई.

"माझं घर वाटंत लागलं न्हाई का तुला?" साखराबाई म्हणाली.

अव्वा, तुमचे मालक, असं काहीतरी चांगुणा म्हणायला लागली. साखराबाईनं ते ऐकूनच घेतलं नाही. इर्जिकीचं बोलावणं गावाला असतं, घर गाळून नसतं, आमच्या सासूबाई असत्या तर तुला दारात उभं करून बोलल्या असत्या, असं तिनं रोकडं सुनावलं. पदर कमरेला खोचून चुंबळ डोक्यावर ठेवली आणि ओझं मागितलं. तिचे गुडघे गेलेले, हे गावाला माहीत होतं. चांगुणानं हलकं ओझं बघून दिलं. साखराबाईनं ते हातानं तोललं आणि म्हणाली, निम्मं काय देतेस, पुरं दे.

सिद्रामप्पा लिंबाखाली बाजेवरच होते. काट्यांपलीकडून त्यांना ओढा सगळा दिसत होता. सकाळपासून ती माणसांची रांग बघून त्यांनी फोन दोनदा उशाला ठेवला होता आणि दोनदा उचलला होता. आता रांगेत त्यांना ओळखीचं हिरवं लुगडं दिसलं. ते दरडीवरून बसत बसत उतरलं, पाण्यात शिरलं, मधेच थांबलं, एका अंगाला कललं. भीमानं खांद्याला आधार दिला.

सिद्रामप्पा उठले. अनवाणीच आले, आणि बाभळीची फांदी त्यांनी हातानं धरून ओढली. बोटाला रक्त आलं ते त्यांनी सदऱ्याला पुसलं.

"इकडून ये," त्यांनी पाण्यातल्या बायकोला सांगितलं. "डाक्टरनं जिना चढू नको म्हटलंय, अन् तू वढ्यात उतरून राहिलीस."

साखराबाई डोक्यावरच्या ओझ्यासकट तशीच उभी राहिली. पाणी तिच्या गुडघ्याला लागून जात होतं.

"मी एकटी येत न्हाई," ती म्हणाली. "माघं माणसं हायत."

रांग थांबली होती. सिद्रामप्पांनी बायकोकडं बघितलं, तिच्यामागं दरडीपर्यंत उभ्या असलेल्या माणसांकडं बघितलं. त्यांच्या आवडत्या कुठल्या पुढाऱ्यावर अशी वेळ आली होती का आणि आली तर त्यानं काय केलं, हे टीव्हीवर कधी दाखवलं नव्हतं. मग त्यांनी दुसरी फांदी धरली.

भीमानं जवळच्या पोरीला आपल्या जागी उभं केलं आणि तो चढून त्यांच्या मदतीला गेला. दोघा म्हाताऱ्यांनी तारेची वेटोळी सोडवली. हसायला नको होतं अप्पा, असं भीमा म्हणाला. सिद्रामप्पा म्हणाले, वाट अडवायला नको होती. इतकं झाल्यावर खरं तर दोघांनी गप्प बसायचं, पण तार गुंडाळता गुंडाळता सिद्रामप्पांनी, तरी वचक लागतोच, असं पुटपुटलं. भीमा म्हणाला, लागत नाही. आणि काटे बाजूला होऊन यंत्र आत आलं तेव्हा दोघे रशियापर्यंत पोचले होते.

मग काय, ओझी वाहायचं कारणच उरलं नाही. यंत्र ढिगाशी लागलं, पलीकडं नेलेलंही ट्रॅक्टरमध्ये घालून परत आणलं, आणि दुपार कलायच्या आत पोती उभी राहिली. आभाळ तेलंगणाच्या बाजूनं काळं होत होतं, पण पोत्यांवर ताडपत्री पडली होती. चांगुणानं मूठभर दाणे हातात घेतले. काही डागाळलेले होते, काही सुरकुतलेले. बरेचसे मात्र चांगले होते. तिनं रानात पसरलेल्या माणसांकडं बघितलं. कुणी अंगावरचा भुसा झाडत होतं, कुणी पाय धूत होतं. या सगळ्यांना आपण काय देणार, असं तिला वाटलं आणि तिचे डोळे भरले. आलेल्या प्रत्येकाचं तोंड तिनं नीट बघून घेतलं. विसरायचं नाही, असं मनाशी म्हटलं.

सिद्रामप्पा तोवर हॉटेलात पोचले होते. व्यापक जनहित बघून आपण हुर्मुज खुलं केलं, असं त्यांनी तिथं जाहीर केल्याची बातमी लगोलग रानात आली. भागवत चिडला. समितीच्या ठरावात तरी खरं लिहू, म्हणाला. चांगुणानं त्याला थांबवलं. सोयाबीन माझं, नाव त्यांचं, मला परवडतं, असं तिनं सांगितलं, आणि बायांना पत्रावळ्या मांडायला लावल्या.

जेवण तिनं रात्रीच रांधून ठेवलं होतं. ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा आणि मोठ्या पातेल्यात येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याची, आमटी. तिच्या रानातल्या लिंबाखाली पंगत बसली. गल्लीतली बसली, माळ्यांची बसली, भागवत मांडी घालून बसला. तरण्या पोरींनी तर कधीच पत्रावळ्या ओढल्या होत्या. लग्नकार्यात केटरिंगवाल्याच्या पंगतीला आता कुणी कुणाला विचारत नाही. पण घरच्या चुलीवरचं, घरच्या बाईच्या हातचं, ही अजून वेगळी गोष्ट होती. जुनी काही माणसं ते खात नाहीत, आणि न खाणाऱ्याला ओशाळं करायचं नाही, म्हणून त्यांना शिधा द्यायचा: पीठ, डाळ, गूळ, मीठमिरची. त्यांनी तो घरी नेऊन आपल्या हातानं शिजवायचा. आपली सासू घरच्या कार्यात हे करायची, ते चांगुणानं बघितलं होतं. तिनंही रात्रीच काही पुड्या बांधून ठेवल्या होत्या. दोघा-तिघांनी त्या घेतल्या, राम राम केला आणि ते गेले. त्यांचाही तिला राग आला नाही. ओझी तर त्यांनीही वाहिली होती.

साखराबाई लिंबाच्या बुंध्याला टेकून पाय पसरून बसली होती. चांगुणा तिच्यापुढं वाकली आणि पुडी दोन्ही हातांनी पुढं केली.

"अव्वा, लई केलं तुम्ही. एवढा शिधा घ्या."

साखराबाईनं पुडीकडं बघितलं, मग पंगतीकडं, मग चांगुणाकडं.

"हे घरी नेऊन मी कवा शिजवू?" ती म्हणाली. "भूक तर मला आता लागलीय."

चांगुणा तशीच वाकलेली राहिली. रोज भाकरी थापताना तिनं जगातल्या मोठमोठ्या साहेबांना नावं ठेवली होती, की ह्यांना वाटा अडवण्यापलीकडं काही येत नाही. आणि काल एक घर तिनं गाळलं होतं, आणि आज त्याच घराच्या बाईला पंगतीच्या बाहेर काढून हातात पुडी दिली होती, तीही मान राखायचा म्हणून. तिला लाज वाटली, आणि त्याहून जास्त बरं वाटलं. आपल्या हातचं कुणी खाल्लं तर त्यात उपकार कसले, हे तिच्या सासऱ्यानं तिला शिकवलं होतं, आणि ते खरंच होतं. तिला ऋण वाटत होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. न बोलावता ही बाई गेलेले गुडघे घेऊन पाण्यातून आली होती, आणि आता जेवायला मागत होती.

तिनं पुडी बाजूला ठेवली, पत्रावळ मांडली, भाकरी वाढली, आमटीसाठी द्रोण भरला. साखराबाईनं भाकरी कुस्करली, पहिला घास घेतला आणि सावकाश चावला. पंगत तिच्याकडं बघत होती.

"येसर चांगला भाजलास," साखराबाई म्हणाली. "मीठ कमी हाय."

महामायानं मिठाची वाटी पुढं केली, पंगत हसली आणि पुन्हा जेवायला लागली. चांगुणाही हसली, पदरानं डोळे पुसत हसली. मीठ कमी आहे हे तिला घरच्यांशिवाय आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिनं साखराबाईला दुसऱ्यांदा वाढलं, नको नको म्हणताना तिसऱ्यांदा वाढलं.

पावसाचे बारीक थेंब यायला लागले तशी माणसं उठली. साखराबाईनं बुंध्याला हात लावून गुडघे सरळ केले आणि चांगुणाला जवळ बोलावलं.

"अप्पांना बांधून दे. भाकरी अन् वांग्याची भाजी."

"खातील का, अव्वा?" चांगुणानं हळूच विचारलं. "न्हाईतर सांगू नका, कुठली म्हणून."

"सांगून वाढते," साखराबाई म्हणाली. "खातील. ताकावर हायत ते, वाट बंद केल्यापासून मी घरी चूल पेटवली न्हाई."

चांगुणा टोपलीकडं वळली. भाकरी उलटून पालटून बघत, चांगल्या फुगलेल्या तेवढ्या तिनं वेगळ्या काढल्या, आणि आपल्या धुतल्या पांढऱ्या फडक्यात बांधल्या.